मिस्टर डेसमंडच्या पणजोबांचं मधलं नाव

मी लोकांच्या आजोबांची पुस्तकं करते. सात वर्षं मी हे वाक्य वेगवेगळ्या लोकांना सांगते आहे आणि दर वेळी समोरचा जरा थांबून विचारतो, "म्हणजे नक्की काय?" माझ्या आईला हा प्रश्न मंडळाच्या हळदीकुंकवात इतक्यांदा विचारून झाला की तिने स्वतःचं एक उत्तर तयार केलं : "ती कंटेंटमध्ये आहे." त्यावर कुणी पुढे विचारत नाही. दुबईत निम्मी मुलं कंटेंटमध्येच आहेत.

नक्की काय ते आधी सांगते. अल बर्शात मेट्रोपासून सात मिनिटांवर आमचं छोटं ऑफिस आहे. खाली लाँड्री, शेजारी करक चहावाला. आम्ही तिघी. रेहाना मॅडम मालकीण, हैदराबादच्या. मारिसेल फिलिपिन्सची, ती पुस्तकाची पानं मांडते. आणि मी माणसांशी बोलते, जुने कागद शोधते आणि लिहिते. एखाद्या कुटुंबाला वाटतं की आजोबा होते तोवर विचारायला हवं होतं, किंवा आजोबा आहेत तोवर विचारून घेऊ. मग ते आमच्याकडे येतात. पाच-सहा महिन्यांत पुस्तक होतं, पन्नास-साठ प्रती निघतात, त्या लग्नात नाहीतर वाढदिवसाला नातेवाइकांना वाटतात. आमच्या पुस्तकांची परीक्षणं येत नाहीत. फक्त आत्या रागावतात.

मला फार बोलायला आवडत नाही. शाळेत दर वर्षी माझ्या रिपोर्ट कार्डवर एकच शेरा असायचा, 'वर्गात अधिक सहभाग घ्यावा.' नोकरीत मात्र हाच दोष कामी आला. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात कोयाभाई म्हणून एक गॅरेजवाले होते, केरळचे. मुलांच्या आग्रहाखातर पुस्तकाला तयार झाले होते. पहिल्या दिवशीच म्हणाले, "मेरा कोई स्टोरी नहीं है. गाडी आया, ठीक किया, गया." मला पुढचा प्रश्न सुचेना. मी वही उघडी ठेवून नुसती बसून राहिले. बाहेर ग्राइंडर चालू होता. बऱ्याच वेळाने ते उठले, ड्रॉवरमधून एक बोल्ट काढला आणि माझ्यासमोर ठेवला. या देशात येऊन त्यांनी दुरुस्त केलेल्या पहिल्या गाडीतला तो उरलेला बोल्ट होता. गाडी जोडून झाली, मालक घेऊन गेला, आणि हा बोल्ट हातात राहिला. "वो आदमी वापस नहीं आया," कोयाभाई म्हणाले. "अच्छा हुआ कि बुरा हुआ, आज तक नहीं मालूम." मुलांनी तो भाग काढायला सांगितला, धंद्याला बरं दिसणार नाही म्हणून. कोयाभाईंनी त्या बोल्टचा फोटो मुखपृष्ठावर घ्यायला लावला.

आमच्याच बिल्डिंगमधल्या एका मराठी आजींनी अकरा बैठकींत मला सगळं आयुष्य सांगितलं. मी त्याची दीडशे पानं केली. आजींनी ती वाचली आणि म्हणाल्या, "छान झालंय गं. आता हे सगळं काढून टाक आणि पाककृती तेवढ्या ठेव." मी विचारलं, का? त्या म्हणाल्या, "अगं, सांगायचं होतं ते सांगून झालं."

तर असा आमचा धंदा. यात लिहिण्यापेक्षा तपासण्याचं काम जास्त असतं, कारण घरोघरी सांगितलेल्या गोष्टी पिढीगणिक फुगत जातात. रेहाना मॅडमनी पहिल्याच दिवशी मला नियम सांगितला होता : "बेटा, तीन निशान. नाम, बाप का नाम, गाँव. तीनों मिले तो लिखो, नहीं तो मत लिखो." एकाच नावाची माणसं जगात खूप असतात, म्हणून वडलांचं नाव बघायचं. मला हा नियम शिकावाच लागला नाही. आपण मराठी माणसं जन्मल्यापासून तसंच नाव लिहितो. स्वतःचं, वडलांचं, आडनाव. शाळेच्या फॉर्मपासून व्हिसापर्यंत मी हजारदा हे केलं आहे. या नियमाने मला कधी दगा दिला नव्हता. तो दिला मिस्टर डेसमंडच्या वेळी, म्हणून त्यांची गोष्ट सविस्तर सांगते.

मिस्टर डेसमंड ट्रेसी आयर्लंडचे. इकडे सगळ्यांना पहिल्या नावापुढेच मिस्टर लावतात आणि ते पन्नास वर्षांत त्याला सरावले होते. समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्लांटवर इंजिनियर म्हणून आले, निवृत्त झाले, पत्नी गेली, तरी उम्म अल कुवैनमध्येच राहिले. त्यांच्या घरामागे खाडी आहे. ओहोटीला चिखलात लांब पायांचे पक्षी उभे असतात आणि दुसरं काहीच घडत नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी चहा केला, बिस्किटं मांडली, आणि बसायच्या आधीच म्हणाले, "माझ्यावर पुस्तक नकोय. माझ्या पणजोबांवर हवंय. ते आयर्लंडकडून रग्बी खेळले. अगदी सुरुवातीच्या संघात." (आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं. इथे मराठीत देते आहे.)

मला रग्बीतलं काही कळत नव्हतं. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "कबड्डीत चेंडू टाकला की रग्बी." मिस्टर डेसमंडनी बिस्किटं टेबलावर मांडून मला खेळ शिकवला. तरुणपणी ते स्वतः इथे वाळूच्या मैदानावर रग्बी खेळले होते. तेव्हा गवत नव्हतं. पडलं की गुडघ्याची कातडी मैदानात राहायची. पणजोबांच्या काळात एकेका बाजूला वीस-वीस माणसं असत, आणि चेंडू हातात घेऊन समोरच्या रेषेपलीकडे टेकवला तरी गुण मिळत नसे. फक्त लाथ मारून गोल करायचा प्रयत्न करण्याची परवानगी मिळे.

"एवढ्या मारामारीनंतर नुसती परवानगी?" मी विचारलं.

"तुम्ही लोक व्हिसासाठी काय करता?" ते म्हणाले.

मग त्यांनी खरी अडचण सांगितली. त्यांचे वडील पोस्टमन होते आणि गोष्टी सांगायचे. कालव्यात देवमासा पाहिल्याची, सर्कसवाल्याने नोकरी देऊ केल्याची. त्यातच ही एक होती : त्यांचे आजोबा, म्हणजे हेच पणजोबा, इंग्लंडविरुद्ध खेळले, त्यांनीच गोल केला, आयर्लंड जिंकलं आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेऊन मैदानापासून हॉटेलपर्यंत मिरवलं. खेळाडूला देशाकडून खेळल्याची टोपी मिळते, ती कुठे आहे? ती विहिरीत पडली.

मिस्टर डेसमंडची थोरली बहीण न्यूला. चार वर्षांनी मोठी, शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. तिने अकराव्या वर्षी ठरवलं की बाबा खोटं बोलतात, आणि हे मत पुन्हा कधी बदललं नाही. वडलांच्या अंत्यविधीच्या दिवशी ती भावाला म्हणाली होती, "गोड माणूस होता. पण एक शब्द खरा नव्हता." मिस्टर डेसमंडना ते फार लागलं. ते त्या गोष्टीवर विश्वास ठेवूनच रग्बी खेळायला लागले होते.

"नऊ आठवड्यांनी माझा ऐंशीवा वाढदिवस," ते म्हणाले. "न्यूला येणार आहे. या वयात पुन्हा येईल असं वाटत नाही. मला तिच्या हातात छापलेलं पुस्तक ठेवायचंय, लहान का होईना. देवमासा जाऊ दे, सर्कस जाऊ दे. बाबांची एक तरी गोष्ट खरी निघाली पाहिजे."

मी वहीत लिहिलं : एक तरी.

घरात पुरावा म्हणाल तर एकच फोटो होता. टिपररी परगण्यातल्या एका बाजाराच्या गावातलं दुकान, आणि वर पाटी : पॅट्रिक ट्रेसी आणि पुत्र, धान्याचे व्यापारी. पॅट्रिक हे खापरपणजोबा. 'पुत्र' म्हणजे आपले पणजोबा, एडमंड ट्रेसी. एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी कामाला लागले. आयर्लंडच्या जुन्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्यांचे फोटो आता इंटरनेटवर बघता येतात. अक्षर भयंकर, शाई उडालेली, नावं लॅटिनमध्ये. तीन दिवसांत मला टिपररीचा एडमंड सापडला. वडील पॅट्रिक, गाव तेच. मी ते पान सेव्ह केलं आणि फार खूश झाले.

पुढच्या आठवड्यात सुरुवातीच्या आयरिश खेळाडूंची एक जुनी यादी मिळाली. तिच्यात ट्रेसी होता. एकच सामना खेळलेला. नाव पूर्ण दिलं होतं : एडमंड मार्टिन ट्रेसी.

मी ते दोनदा वाचलं. एडमंड, वडील मार्टिन, आडनाव ट्रेसी. आपल्या एडमंडचे वडील तर पॅट्रिक.

मी दुसरा एडमंड शोधला. अशा वेळी दुसरा नेहमी सापडतोच. कॉर्कमधल्या डॉक्टर मार्टिन ट्रेसींचा मुलगा, डब्लिनला वैद्यकी शिकायला गेलेला. त्या काळचे बरेचसे खेळाडू असेच कॉलेजातले, चांगल्या घरचे. धान्याच्या दुकानातल्या मुलापेक्षा डॉक्टरचा मुलगा त्या यादीत जास्त शोभत होता. हेही मला तेव्हा पटलं, याची आता लाज वाटते. नाव जुळलं, बापाचं नाव जुळलं, सामना झाला त्या डब्लिनमधला मुक्काम जुळला. तीन खुणा पुऱ्या.

रेहाना मॅडमनी कागद बघितले. "बाप का नाम अलग है तो आदमी अलग है," त्या म्हणाल्या. "बताना पड़ेगा, बेटा."

मी उम्म अल कुवैनला गेले. वाटेत टॅक्सीत चार वाक्यं पाठ केली होती. त्यातली दोन बोलले. मिस्टर डेसमंडनी चष्मा लावून यादी पाहिली, बाप्तिस्म्याचं पान पाहिलं, मग डॉक्टरच्या मुलाचा कागद पाहिला.

"म्हणजे एक एडमंड ट्रेसी खेळला," ते म्हणाले. "आमचा नव्हे."

"हो."

"बाबांनी कुठेतरी नाव वाचलं असेल आणि घरी आणलं असेल."

एरवी माझ्या गप्प बसण्याने माणसं बोलती होतात. ते झाले नाहीत. त्यांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. "खा. इतक्या लांब आलीस." मग म्हणाले, "पुस्तक खलास. न्यूलाला मीच सांगेन. तिला आनंद होईल." निघताना दारापर्यंत आले आणि माझे आभार मानले. शिव्या दिल्या असत्या तर परतीचा रस्ता सोपा गेला असता.

दहाएक दिवस गेले. आम्ही दुसऱ्या कामाला लागलो. एका दुपारी मी डबा खात होते आणि समोर मारिसेल मुलाचा शाळेचा फॉर्म भरत होती. तिचा मुलगा जोशुआ. मला फॉर्म उलटा दिसत होता. जोशुआ, मग मधे 'रेयेस', मग आडनाव सांतोस.

"तुझ्या नवऱ्याचं नाव रेयेस आहे?" मी विचारलं. तीन वर्षं शेजारी बसून मला तिच्या नवऱ्याचं नाव माहीत नव्हतं. मी अशीच आहे.

"त्याचं नाव रॉबर्ट," मारिसेल म्हणाली. "रेयेस मी. लग्नाआधीचं आडनाव. आमच्याकडे मधे आईचं घर असतं."

"वडील नाही?"

"वडील शेवटी आहेत ना, सांतोस. त्यांना अजून किती जागा देणार?" तिने पान उलटलं. "तुमच्याकडे मधे कोण असतं?"

"वडील."

"आणि शेवटी?"

"वडलांचं घराणं."

"मग आई कुठे असते?" तिने विचारलं.

माझा घास तोंडातच होता. मी डबा तसाच ठेवून कॉम्प्युटरकडे गेले आणि टिपररीच्या बाप्तिस्म्याचं पान उघडलं. तेच पान, जे मी तीन दिवस खपून शोधलं होतं आणि मिस्टर डेसमंडसमोर ठेवलं होतं. ओळ अशी : एडमंड, पॅट्रिक ट्रेसी आणि ब्रिजेट मार्टिन यांचा मुलगा.

आयर्लंडच्या त्या वह्यांत आईचं माहेरचं नाव लिहिलेलं असतं. दर ओळीत असतं. मी ते वाचलंच नव्हतं. नाम, बाप का नाम, गाँव. तीन खुणा मिळाल्यावर माझी नजर पुढे गेलीच नव्हती. मार्टिन हे वडलांचं नाव नव्हतं, आईचं आडनाव होतं. इंग्रजी माध्यमात शिकले, लहानपणापासून इंग्रजीच वाचत आले. पण नाव वाचायची वेळ आली तेव्हा मी आईबाबांच्या रेशन कार्डासारखं वाचलं.

रेहाना मॅडमना सांगितलं. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. "माँ का नाम," त्या म्हणाल्या. "निशान तो चार होने चाहिए थे." मग माझ्याकडे बघून, "मेरा नियम ग़लत था, जल्दी तेरी थी. पर फ़ोन तू करेगी."

"आधी पक्कं करू दे," मी म्हटलं. एकदा चुकीचं सांगितलं होतं, आता अर्धवट सांगायचं नव्हतं.

दोन गोष्टी बघायच्या होत्या. पहिली, कॉर्कच्या डॉक्टरचा मुलगा. त्याचा माग मी नीट काढला तर तो सामन्याच्या आधीच ऑस्ट्रेलियाला गेलेला निघाला. तिथेच त्याचं लग्न झालं, तिथेच तो वारला. हे मला पहिल्या वेळीही सापडलं असतं. पण हवं ते मिळाल्यावर कुणी पुढे शोधत नाही, आणि मीही शोधलं नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे सामन्याची बातमी. आधी मी कॉर्कची वर्तमानपत्रं चाळली होती, आता टिपररीची काढली. त्यांच्या त्या छोट्या गावात एक साप्ताहिक निघत असे. बैलांचे भाव, कोर्टातल्या तक्रारी, कुणाची गाय कुणाच्या शेतात शिरली. पाचव्या दिवशी तिसऱ्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, मला चार ओळी दिसल्या. मी त्या वाचल्या आणि ऑफिसमध्ये एकटीच हसले. मारिसेलने खुर्ची वळवून बघितलं, कारण मी ऑफिसमध्ये हसत नाही.

घरी आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "माझं नाव बघ ना. लग्नाआधी मधे बाबा होते, लग्नानंतर तुझे बाबा आले. दोन्ही वेळा माझी आई दाराबाहेरच." मग देठ बाजूला टाकत, "ब्रिजेट म्हणालीस ना तिचं नाव? बरं झालं सापडली."

मी मिस्टर डेसमंडना फोन लावला. दोनदा रिंग झाल्यावर कट केला. फोनवर मला धड बोलता येत नाही. वाढदिवसाला चार दिवस राहिले होते. शुक्रवारी दुपारी बाबा म्हणाले, "चल, मी नेतो. गाडीत तालीम कर." अल बर्शापासून उम्म अल कुवैनपर्यंत मी बाबांसमोर तेच बोलत होते. शारजा ओलांडेपर्यंत त्यांना टिपररीचा सगळा इतिहास पाठ झाला होता.

दार एका उंच, सरळ पाठीच्या बाईंनी उघडलं. न्यूला येऊन पोचल्या होत्या. त्यांनी मला आणि बाबांना वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलांसारखं पाहिलं. "तू पुस्तकवाली मुलगी," त्या म्हणाल्या. "डेसमंडनं मला सांगितलं. तू प्रामाणिकपणे काम केलंस. आमच्या घरात याआधी कुणी केलं नव्हतं."

आतून मिस्टर डेसमंड म्हणाले, "दोन दिवस ती अशीच गोड वागतेय. असह्य आहे."

मी बसले नाही. उभ्यानेच सांगून टाकलं, कारण बसले असते तर बोलले नसते. "माझी चूक झाली. आमच्यात मधलं नाव वडलांचं असतं. मला वाटलं, तुमच्यातही तसंच. मार्टिन हे वडलांचं नाव नाही. आईचं माहेरचं आडनाव आहे." मी पान टेबलावर ठेवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "ब्रिजेट मार्टिन."

दोघंही वाकले.

"खापरपणजीचं नाव आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं," मिस्टर डेसमंड म्हणाले.

"आपण विचारलं नव्हतं," न्यूला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "मार्टिन नावाच्या बायका आयर्लंडमध्ये पुष्कळ आहेत. एवढ्यावर मी मानणार नाही."

"अजून आहे," मी म्हटलं आणि साप्ताहिकाच्या बातमीची प्रत त्यांना दिली.

त्यांनी ती मोठ्याने वाचली, मुख्याध्यापिकेच्या आवाजात. आपल्या गावचे धान्य व्यापारी श्री. पॅट्रिक ट्रेसी यांचे चिरंजीव एडमंड हे कामानिमित्त डब्लिनला असता, निवडलेला एक खेळाडू न आल्यामुळे, त्यांना ऐनवेळी देशाकडून मैदानात उतरवण्यात आले. आयर्लंडचा पराभव झाला. श्री. ट्रेसी यांच्याकडे दोनदा चेंडू आला. दोन्ही वेळा तो त्यांच्या हातून सुटला. एरवी त्यांचे वर्तन सभ्य होते.

मिस्टर डेसमंडनी खुर्चीचा हात धरला आणि हळूच बसले. "खेळला," ते म्हणाले.

न्यूलांनी बातमी पुन्हा वाचली, या वेळी मनात. "गोल नाही. मिरवणूक नाही. जिंकलेसुद्धा नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणजे बाबा खोटं बोलत होते."

"पण तो खेळला, न्यूला."

"खेळला." त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "पोस्टातून दमून यायचे आणि आपल्याला झोपवायला हे सांगायचे. मी अकरा वर्षांची होते. मी त्यांना सगळ्यांसमोर लबाड म्हटलं होतं, तुला आठवतं?"

"आठवतं. ते हसले होते."

"हसले, पण त्यानंतर ही गोष्ट माझ्यासमोर कधी सांगितली नाही." मग बाबांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही मुलीला गोष्टी सांगायचात?"

बाबा गडबडले. "मी? शेअर मार्केटच्या," ते म्हणाले.

"खऱ्या?"

"सुरुवातीला," बाबा म्हणाले, आणि न्यूला पहिल्यांदा हसल्या.

चार दिवसांत पुस्तक होत नाही. मारिसेलने दोन दिवसांत चोवीस पानांची पुस्तिका मांडली. पहिल्या पानावर दुकानाच्या पाटीचा फोटो, खाली तिघांची नावं : पॅट्रिक ट्रेसी, ब्रिजेट मार्टिन, एडमंड मार्टिन ट्रेसी. अल कूझच्या छापखान्यातला माणूस आधी "इन्शाल्ला मंगळवार" म्हणाला होता. रेहाना मॅडम स्वतः जाऊन त्याच्यासमोर बसल्या, तेव्हा ती सोमवारीच मिळाली. मोठं पुस्तक पुढे पाच महिन्यांनी निघालं. चुकीच्या डॉक्टरवर मी खर्च केलेल्या दिवसांचा त्यात उल्लेख नाही. आमच्या चुका पुस्तकात जात नाहीत, म्हणून ही इथे लिहिते आहे. त्यानंतर आमच्या ऑफिसच्या फॉर्ममध्ये चौथा रकाना आला. आईचं नाव, माहेरच्या आडनावासकट. अजूनही निम्मे लोक तो रिकामा ठेवून देतात. मी फोन करून विचारते. फोनवर बोलणं त्यामुळे थोडं सुधारलं आहे.

वाढदिवसाला आम्हा तिघींना बोलावलं होतं. दुपारची वेळ, अंगणात ताडपत्रीचा मांडव. मिस्टर डेसमंडचे वाळूच्या मैदानावरचे जुने जोडीदार आले होते, सगळे गुडघ्यांनी अधू. शेजारचे इमिराती गृहस्थ खजूर घेऊन आले होते. जेवणं झाल्यावर मिस्टर डेसमंड पुस्तिका घेऊन उभे राहिले. त्यांनी पणजोबांची गोष्ट वाचायला घेतली. धान्याचं दुकान, डब्लिनची फेरी, न आलेला खेळाडू. वाचता वाचता त्यांनी पुस्तिका मिटली आणि तोंडानेच सांगू लागले. मैदानावर चिखल होता, समोर वीस इंग्रज होते. त्यातला कुठलाच चिखल माझ्या कागदांत नव्हता. मी मारिसेलकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं.

"आणि मग," मिस्टर डेसमंड म्हणाले, "चेंडू थेट त्याच्याकडे आला. ओला, जड. कुणाच्याही हातून एकदा सुटलाच असता."

"दोनदा, डेसमंड," पहिल्या रांगेतून न्यूला म्हणाल्या. "पण छान सांगतोयस. थांबू नकोस."